लालसूचा ढोल

गुणवंतराव नागापुरे रोज दोन सिनेमे पाहायचे आणि रोज दोन्ही वेळा त्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं व्हायचं. गडचिरोलीत ज्याला म्हणून हल्लीचा एखादा सिनेमा आवडला असेल, त्यानं तो गुणवंतरावांसमोर बोलून दाखवू नये, एवढं शहाणपण गावाला अनुभवानं आलं होतं. कारण एकदा का ते सुरू झाले की चहा गार होईपर्यंत समोरच्याची सुटका नसे.

"ड्रोन उडवला की झाला डायरेक्टर," ते म्हणत. "अबे, गिधाड बी वरूनच पाह्यते. त्याले काऊन देत नाई बक्षीस?"

ड्रोननंतर पाळी यायची ती रंगांची. खेडं दाखवायचं तर पडद्यावर हळद सांडल्यासारखा पिवळा रंग, शहर दाखवायचं तर निळा. जणू गावात ऊन आणि शहरात शाई पडते. मग कात्री. दोन सेकंदांत तीन तुकडे, माणसानं दार उघडलं तरी चार बाजूंनी दाखवायचं, जसं काही त्यानं जगात पहिल्यांदाच दार उघडलं. आणि शेवटी आवाज. प्रत्येक तुकड्याला 'धूम्' करून छातीवर आदळणारा तो आवाज गुणवंतरावांना इतका सलत असे, की नुसती नक्कल करतानासुद्धा त्यांच्या कपाळाची शीर उठायची.

एवढं बोलण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला, असं विचारायची सोय नव्हती. वयाच्या अठराव्या वर्षापासून पुढची सतरा वर्षं ते एका टुरिंग टॉकीजवर ऑपरेटर होते. जत्रेजत्रेला तंबू ठोकायचा, मशीन लावायचं, रीळ तुटलं की ब्लेडनं कापून, खरवडून, सोल्युशन लावून जोडायचं. तंबू बुडाल्यावर त्यांनी एका शाळेत प्रयोगशाळा सहायकाची नोकरी धरली आणि तिथं बेडकांच्या बाटल्या पुसत निवृत्त झाले. पण शाळेतल्या त्या वर्षांबद्दल ते कधी बोलत नसत. आता दर रविवारी वाचनालयाच्या माडीवर ते 'सिनेमा कसा पाहावा' हा वर्ग घ्यायचे. वर्गाला बाराएक मुलं. त्यातली नऊ-दहा स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन यायची, कारण त्या खोलीतला पंखा चालू होता. गुणवंतराव त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसत.

वर्गात ते पुस्तकी मराठी बोलायचे. जुना काळा-पांढरा सिनेमा लावून मधेच थांबवायचे आणि काठीनं भिंतीवर दाखवायचे. बघा, आई दारात उभी आहे, बातमी आली आहे. तिचा चेहरा दाखवलाय का? नाही. तिचा हात दाखवला आहे, आणि आवाज कशाचा आहे? अंगणातल्या रहाटाचा. रहाट थांबला की आपल्याला कळतं. आज हेच काढायचं म्हटलं तर चाळीस सारंग्या रडवतील, आणि आईच्या डोळ्यातलं पाणी इतक्या जवळून दाखवतील की त्यात पोहता येईल. हे सगळं ते खरंच छान सांगायचे. माणूस तुसडा होता, पण त्याला दिसायचं आणि ऐकूही यायचं; निदान स्वतःविषयी त्यांची तशी पक्की समजूत होती.

आणि मग त्यांची एक आवडती गोष्ट असे, जी वर्गानं निदान वीस वेळा ऐकली होती. मार्कंड्याच्या जत्रेचा शेवटचा दिवस. मालकाला तंबू गुंडाळून पुढच्या मुक्कामाला निघायची घाई. म्हणून गुणवंतरावांनी तेरा रिळांतलं शेवटचं रीळ डब्यातच ठेवलं. नायिका पुरात पडली, नायकानं उडी मारली, आणि दिवे लागले. लोक मुकाट्यानं उठून गेले. तीन दिवसांनी आष्टीच्या मुक्कामावर पोंभुर्ण्याकडचा एक म्हातारा नदी ओलांडून, पायी चालत आला आणि विचारू लागला, "भाऊ, त्या पोरीचं काय झालं जी?" गुणवंतराव तेव्हा मशीनला तेल देत होते. जिवंत आहे म्हटलं तर कशी वाचली, कोणी वाचवली, पुढे लग्न झालं का, सगळं सांगत बसावं लागलं असतं. म्हणून ते म्हणाले, "मेली." म्हातारा तिथंच मातीत बसला.

इथं वर्ग हसायचा. गुणवंतरावही हसायचे. "तात्पर्य काय?" ते काठी आपटून विचारायचे. "कोण जगतं आणि कोण मरतं हे कात्री ठरवते. पब्लिक देऊ ते घेतं."

या वर्गात खरं शिकायला येणारी एकच मुलगी होती, दिव्यानी. वय सत्तावीस, एका फोटो स्टुडिओत लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करायची. दिवसभर नवरा-नवरीच्या डोक्यावर गुलाबी बदाम उडवून तिचे डोळे चुरचुरत, आणि रविवारी ती गुणवंतरावांच्या शिव्या ऐकायला पहिल्या बाकावर येऊन बसायची. तिनं एटापल्लीच्या बाजूला, सूरजागडाकडून येणाऱ्या खनिजाच्या ट्रकांचा रस्ता सोडून आत नऊ किलोमीटरवर असलेल्या एका माडिया आदिवासी गावात जाऊन बावीस मिनिटांचा सिनेमा केला होता. ललिता नावाच्या मुलीचं लग्न, एवढाच विषय. आवाजाचं काम त्याच गावच्या लोकेशनं केलं होतं. लोकेश गडचिरोलीत बी.ए. करायचा, आणि एक छोटा रेकॉर्डर त्याच्या खिशात कायम असायचा.

सिनेमाची जोडणी करायला गुणवंतराव तीन रविवार तिच्या खोलीवर जाऊन बसले. तिसऱ्या रविवारी लग्नाच्या नाचाचा प्रसंग आला. नाचणाऱ्यांचे पाय, मग हात, मग ललिताचा चेहरा. तुकडे चांगले होते, हे त्यांनी मान्य केलं, म्हणजे शिवी दिली नाही. आवाज लावायची वेळ झाली तेव्हा लोकेशनं लग्नातला ढोल ऐकवला. त्यात ढोल होता, पण त्याबरोबर हसणं होतं, एका म्हाताऱ्याचा खोकला होता, पोरांची किंचाळणी होती आणि मधेच दूरवरच्या ट्रकचा हॉर्नही होता.

"हा ढोल आहे का पत्र्याचा डबा?" गुणवंतराव म्हणाले. "यात वजन कुठे आहे? दुसरं काय आहे तुझ्याकडे?"

खाली आणखी एक फाइल दिसत होती. तिच्यावर 'लालसू काका' लिहिलेलं होतं. लोकेश नको म्हणायच्या आत त्यांनी दिव्यानीला ती लावायला सांगितली. स्पीकरमधून एक जड, संथ ठोका आला. मग थोडा दम खाऊन दुसरा. मग दोन सलग. गुणवंतरावांच्या अंगावर काटा आला. त्यांनी डोळे मिटले आणि हात वर करून सगळ्यांना गप्प बसवलं, आधीच गप्प होते तरी.

"हा," ते म्हणाले. "हा लाव."

"सर, थो मयतीचा हाय," लोकेश म्हणाला. "माह्या काकाचा. त्याचा पोरगा, विनोददादा, मिरची तोडाले तेलंगणात गेला होता, त्याले येता नाई आलं, म्हून काकीनं मले म्हटलं का..."

"ते असू दे. सिनेमात आवाज कुठला आहे हे विचारायचं नसतं. कसा लागतो, ते विचारायचं. आम्ही तंबूमागे पत्रा हलवून वीज पाडायचो. लोक छत्र्या उघडायचे."

"आमचे लोक वळखतीन जी."

"तुमचे लोक सिनेमा पाहायला येतात कुठे?"

दिव्यानी कीबोर्डकडे पाहत राहिली. तिला बोलायचं होतं, पण ज्या माणसाच्या एका हुंकारासाठी आपण दोन वर्षं झुरलो तो माणूस खुर्चीत मागे रेलून डोळे मिटून ऐकतो आहे, हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं होतं. तिनं ढोल लावला.

कुठे कापायचं तेही गुणवंतरावांनीच ठरवलं. बेचाळीस सेकंद ढोल. नाचणाऱ्या पायांवर तो चढत जाईल, चढत जाईल, आणि दोन ठोक्यांच्या मधे, अगदी हात वर गेलेला असताना, कापायचा. एकदम शांतता. ललिताचा चेहरा, नऊ सेकंद, आवाज शून्य. ती जोडणी पाहून ते स्वतःवर इतके खूश झाले की त्यांनी दिव्यानीला पहिल्यांदा चहा करून दिला. चहा वाईट होता.

पुढचा महिनाभर गावात जो भेटेल त्याला त्यांनी त्या नऊ सेकंदांबद्दल सांगितलं.

सिनेमा दाखवायचा ठरला एका रविवारी, सकाळी साडेअकराला, गावातल्या एका सभागृहात. वाचनालयाच्या ग्रंथपाल साधनाताईंनी सगळी तयारी केली होती. साठ-सत्तर माणसं जमली. गुणवंतरावांनी दारातूनच त्यांची वर्गवारी केली. पहिल्या रांगेत प्राध्यापक, ज्यांना सिनेमातलं कळत नाही. दुसऱ्या रांगेत अधिकारी, ज्यांना काहीच कळत नाही. मागे कवी. कवींविषयी त्यांनी विचार केला नाही, सकाळची वेळ होती.

पण उजव्या बाजूच्या रांगेत त्यांना न कळवता बोलावलेली माणसं बसली होती. दिव्यानीनं त्या गावाहून जीप करून सात जणांना आणलं होतं. चार बायका, तीन पुरुष. ज्यांचं लग्न दाखवायचं त्यांनीच ते बघू नये, हे तिला बरं वाटलं नव्हतं. बेचाळीस सेकंदांत ढोल कोणी ओळखणार नाही, अशी तिनं मनाची समजूत घातली होती. त्यांच्यात लालसूची बायको बुधरी होती. ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती, एसटीत बसावं तशी, मांडीवर पिशवी घट्ट धरून. लोकेश तिच्यामागे भिंतीला टेकून उभा होता आणि त्याचा चेहरा पार उतरलेला होता. गुणवंतरावांना ते दिसलं. पहिला सिनेमा म्हणजे असं होतंच, एवढं मनाशी म्हणून ते माइककडे वळले.

पंचवीस मिनिटं बोलले. ड्रोन झाला, हळद झाली, 'धूम्' झाला. मग म्हणाले, "आज तुम्ही ढोल ऐकाल. फक्त बेचाळीस सेकंद. आणि मग तो थांबेल. तो कुठे थांबतो याकडे लक्ष द्या. आयुष्यभर कानांत बोळे घालून सिनेमा पाहिलात, आज बोळे काढा."

लोक हसले. दिवे गेले.

पहिली चौदा मिनिटं बरी गेली. आपलं गाव पडद्यावर पाहून त्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. एक कुत्रं दिसलं तेव्हा त्या खुदकन हसल्या. बहुधा कुणाच्या तरी ओळखीचं असावं. गुणवंतराव बाजूला उभे राहून पडद्याकडे न बघता प्रेक्षकांकडे बघत होते. ऑपरेटरची जुनी सवय.

नाच सुरू झाला. पहिला जड ठोका पडला.

उजव्या रांगेतले सातही जण उभे राहिले. कुणी कुणाला सांगितलं नाही. पुरुषांनी डोक्याची फडकी काढून हातात घेतली. बुधरीच्या मांडीवरची पिशवी खाली पडली, ती तिनं उचलली नाही.

"बसा ना जी खाली, दिसून नाई राह्यलं!" मागून एक कवी ओरडला.

गुणवंतरावांचा पारा चढला. आयुष्यात एक कट मनासारखा जमला होता, आणि ऐन त्याच वेळी ही माणसं घंटा झाल्यासारखी उभी! ते अंधारात पुढे गेले आणि दबक्या आवाजात खेकसले, "बाई, खाली बसा. नाच संपल्यावर उठा. सिनेमा असा पाहायचा नसतो." बुधरीनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती पडद्याकडेही पाहत नव्हती. मान खाली घालून ती ठोके ऐकत होती आणि तिचं एक पाऊल किंचित पुढे सरकलं होतं, चालायला निघाल्यासारखं.

बेचाळीस सेकंद झाले. हात वर गेलेला असताना ढोल कापला गेला. शांतता पसरली. ललिताचा चेहरा पडद्यावर आला.

त्या शांततेत बुधरीनं विचारलं, "बंद कोनं केला?"

ती ओरडली नाही, पण सभागृह एवढं शांत होतं की शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं. शांतता गुणवंतरावांनीच तर तयार केली होती. दिव्यानीनं सिनेमा थांबवला. कोणीतरी दिवे लावले.

"बाई," गुणवंतराव माइकवर आले, "हा सिनेमा आहे. तो ढोल बंद केला नाही, कापला. परिणामासाठी."

"माह्या मानसाचा ढोल हाय थो. लालसूचा. बंद कोनं केला?"

पहिल्या रांगेतले एक प्राध्यापक शेजाऱ्याला म्हणाले की लोकसंस्कृतीच्या दृष्टीनं हे फार रोचक आहे. गुणवंतरावांना वाटलं त्याच्या तोंडात बोळा कोंबावा. पण ते स्वतः तरी काय वेगळं बोलले होते?

शेवटी लोकेशच पुढे आला. साधनाताईंनी त्याला माइक दिला, त्यानं तो घेतला नाही. तो खाली बघत बोलला, आणि त्याच्या गावची रीत त्यानं सांगितली. मयतीचा ढोल घरापासून सुरू होतो आणि माणसाला मातीत ठेवेपर्यंत थांबत नाही. वाजवणाऱ्याचे हात भरून आले तर दुसरा चालता चालता ढोल घेतो, पण ठोका तुटू देत नाहीत. आणि ज्यानं ढोल सुरू होताना ऐकला त्यानं शेवटपर्यंत सोबत जायचं, मधून मागं फिरायचं नाही.

"अर्ध्यात सोडला तं मानूस वाटेतच राह्यते, असं आमच्याकडे म्हन्तेत," तो म्हणाला. "म्हून काकीनं मले पुरा भरून ठेवाले सांगतला होता. विनोददादा आला का त्याले घरापासून मातीपर्यंत चालत नेऊन आयकवाचा म्हून. थो अजून आला नाई."

बुधरीनं त्याच्याकडे वळून पाहिलं. "लोकेश, तू केला?"

लोकेशला पुढे त्याच गावात राहायचं होतं, त्याच काकीच्या घरासमोरून रोज जायचं होतं. सोबत आलेले तिघं पुरुष आता त्याच्याकडे बघत होते आणि त्या बघण्यात दया नव्हती. दिव्यानी घाईनं उठून म्हणाली, "नाई काकी, चूक माह्या हातानं झाली." साधनाताईंनी माइक ओढून घेतला आणि गोड आवाजात सुरू झाल्या, "मुलांकडून अनवधानानं हा प्रकार..."

गुणवंतरावांना सुटायला एवढी वाट पुरेशी होती. दोन पोरं अंगावर घ्यायला तयार होती, एक बाई पांघरूण घालत होती. ते नुसते उभे राहिले असते तरी चाललं असतं. आणि खोटं कशाला बोला, एक क्षण ते उभे राहिलेही. त्यांच्या मनात आलं, एडिटिंग तर तिनंच केलं, रेकॉर्डिंग त्यानंच केलं, आपण काय, तोंडी सांगितलं. मग त्यांना लोकेशचं ते अर्धवट राहिलेलं वाक्य आठवलं. 'काकीनं मले म्हटलं का...' तेही त्यांनीच कापलं होतं. परिणामासाठीसुद्धा नाही, नुसत्या कंटाळ्यानं.

"म्या केला," ते म्हणाले. माइकवर असं बोलताना गावानं त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "बाई, म्या केला. या पोट्ट्यानं मले सांगतलं होतं, मयतीचा हाय म्हून. म्या आयकलं नाई. पोट्टीचा बी दोष नाई. ढोल म्या लावाले सांगतला आन् बंद बी म्याच केला."

बुधरीनं त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं. ती चिडेल, रडेल, निदान शिव्या तरी देईल असं त्यांना वाटत होतं. तेवढं झालं असतं तर बरंही वाटलं असतं.

"मंग पुरा करा," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"येवढ्यांनी सुरू होतानी आयकला. येवढ्यांनी पुरा आयकाचा."

फाइल सत्तेचाळीस मिनिटांची होती. दिव्यानीच्या लॅपटॉपमध्ये ती अख्खी होती. साधनाताईंनी घड्याळ पाहिलं. सव्वाबारा होत आले होते, एक वाजता अल्पोपाहार होता, दीड वाजता सभागृहात बचत गटांची सभा. "आपण पाच मिनिटं मौन पाळू या का?" त्यांनी सुचवलं.

"मौन नाई," गुणवंतराव म्हणाले. "ढोल."

त्यांनी स्वतः दिवे घालवले, पडदा काळा ठेवायला सांगितला आणि दिव्यानीला खूण केली.

पहिली चार मिनिटं सगळे बसले. मग अधिकाऱ्यांची रांग उठली. त्यांना फोन आले होते, सगळ्यांना एकाच वेळी. प्राध्यापक अकरा मिनिटं टिकले. ते वाकून, पंजांवर चालत बाहेर गेले, म्हणजे आपण आदर ठेवून पळतो आहोत हे सगळ्यांना दिसावं. कवी समोशांच्या वासावर गेले. गुणवंतराव दाराशी उभे राहून एकेकाला बघत होते आणि पोटातून उमाळून येत होती ती तुच्छता, जुनी, सवयीची, ऊबदार. बोळे काढा म्हटलं होतं, तर कानच घेऊन पळाले. पण मग त्यांना आठवलं की लोकेशच्या वाक्याला आपण चार सेकंददेखील थांबलो नव्हतो. ते दारापासून हलले आणि उजव्या रांगेत, उभ्या असलेल्या सात जणांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

ते ऐकणं त्यांना जमत नव्हतं. बोटं शिवशिवत होती. सहाव्या मिनिटाला ठोका मंदावला, इथं कापलं असतं. तेराव्या मिनिटाला ढोल एका हातातून दुसऱ्या हातात गेला, ठोका किंचित लटपटला, हे तर नक्कीच काढून टाकलं असतं. मधेच कोंबडा आरवला. पावलं वाळल्या पानांवरून गेली, मग पाण्यातून, मग पुन्हा पानांवरून. कुणाचं तरी मूल 'पाणी' म्हणत होतं आणि कुणी त्याला गप्प करत नव्हतं. एक बाई रडत होती, गळा काढून नाही, चालताना दम लागतो तशी. तो आवाज बुधरीचा आहे हे त्यांना पंचविसाव्या मिनिटाला कळलं. ती त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होती, कोरड्या डोळ्यांनी.

आणि तिसाव्या मिनिटाच्या आसपास त्यांना पोंभुर्ण्याचा तो म्हातारा आठवला. गुणवंतरावांनी तेरावं रीळ शंभरदा पाहिलं होतं. ती पोरगी वाचते. नायक तिला काठावर आणतो, ती खोकते, डोळे उघडते. म्हातारा पायी नदी ओलांडून आला, आणि तेलाचा डबा हातातून खाली ठेवायचा आळस म्हणून त्यांनी तिला मारून टाकलं. वर त्यावर वर्गातल्या पोरांना वीस-वीस वेळा हसवलं. त्यांना लाज वाटली, साधी, उघडी, कान गरम करणारी लाज. अंधार होता हे एक बरं होतं.

शेवटी फावड्याचा आवाज आला. माती पडली. बराच वेळ पडत राहिली. ढोल कापला गेला नाही, चढलाही नाही. दोन ठोके पडले, मग एक, मग वाजवणाऱ्यानं कातड्यावर तळहात ठेवल्याचा बारीकसा आवाज आला. त्यानंतर माणसं परत फिरल्याची पावलं. मग फाइल संपली.

दिवे लागले तेव्हा सभागृहात ते सात जण, गुणवंतराव, दिव्यानी, लोकेश, साधनाताई आणि चौकीदार मुखरू एवढेच होते. मुखरूनं टोपी काढून हातात धरली होती. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं.

बुधरीनं पिशवी उचलली आणि बाहेर निघाली. तिच्यामागे सगळे. मैदानाच्या कोपऱ्यात नळ होता; तिथं एकेकानं हातपाय धुतले, मातीहून आल्यावर धुतात तसे. गुणवंतरावांची पाळी आली तेव्हा त्यांनी खास कार्यक्रमासाठी पॉलिश केलेले बूट काढले, मोजे काढले आणि पँट दुमडून नळाखाली पाय धरले. व्हरांड्यात समोसे खाणारी मंडळी बघत होती. एकानं मोबाइल काढला आणि वर धरून, जितका उंच धरता येईल तितका उंच धरून, फोटो घेतला. एरवी गुणवंतरावांनी त्याला ड्रोनवरून सुनावलं असतं. आज त्यांनी पाय पुसले.

"बाई," ते म्हणाले, "तो ढोल काढून टाकतो सिनेमातून. आजच."

"काढाच," बुधरी म्हणाली. मग थोडं थांबून, "आन् पोरीचं का?"

"कोणत्या पोरीचं?"

"ललिताचं. लगन तं झालं ना थे. ढोल कुठी हाय तिचा? बिनाढोलाची नाचून राह्यली पोरगी."

गुणवंतरावांनी दिव्यानीला हाक मारली. "तो पत्र्याचा डबा आहे का अजून? लग्नाचा?"

"आहे, सर."

"लाव."

"आणि खोकला? ट्रकचा हॉर्न?"

"राहू दे."

दिव्यानीनं वही उघडली. "किती सेकंद ठेवू, सर? कुठे कापू?"

गुणवंतराव बुटाची नाडी बांधत खाली वाकले होते. ते वर न बघताच म्हणाले, "मले काऊन विचारते? तिले विचार."

दिव्यानीनं बुधरीला विचारलं. बुधरीला प्रश्न जरा खुळाच वाटला असावा, पण तिनं उत्तर दिलं.

"पोरगी तिच्या घरी जाईपर्यंत," ती म्हणाली, आणि जीपकडे गेली.

दिव्यानीनं ते जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं.